प्रमाण नजर

केतकी गवांदेच्या डोळ्यांचा कंपनीने विमा उतरवला, तेव्हा तिच्या नवऱ्याने आठवडाभर घरात तिची टर उडवली. नर्तकीच्या पायांचा विमा ऐकला होता, गवयाच्या गळ्याचा ऐकला होता. पण नाकासमोर टांगलेली किल्ली जिला सापडत नाही, त्या बाईच्या डोळ्यांना एवढा भाव आलेला आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं हेमंत आल्यागेल्याला सांगत सुटला. केतकीही हसायची. तिच्या डोळ्यांवर आता अर्ध्या देशाचं बोलणं चालतं हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनाही त्याचा थोडा तोरा होता.

ती नाशिकच्या ‘चावडी’त नोकरीला होती. देशात तेव्हा अशा तीनच मोठ्या कंपन्या उरल्या होत्या. लोक चावडीवर गप्पा मारत, लग्नं जमवत, म्हशी विकत, भांडत, पोरांचे फोटो टाकत. परदेशी कंपन्यांचा सुकाळ होता तेव्हा चावडी म्हणजे एका गाळ्यात चालणारा हौशी उद्योग होता. मग वेस लागली. सरकारी भाषेत तिचं नाव लांबलचक होतं, पण लोक वेसच म्हणत: बाहेरचं बाहेर, आतलं आत. परदेशी दुकानं एकापाठोपाठ एक बंद झाली आणि मोकळ्या मैदानात चावडी दिसामाशी वाढली. मालक श्रीरंग मोहोळकर तेव्हा भाषणांत सांगायचे की खेड्यातल्या बाईला तिच्या बोलीत जगाशी बोलता आलं पाहिजे. ते मनापासून बोलायचे, म्हणून तर केतकी बँकेची नोकरी सोडून त्यांच्याकडे आली होती.

वेशीच्या आत मात्र संवाद परवाना मंडळ होतं. काय बोलू नये याची यादी मंडळाने कधीच दिली नाही. मोहोळकरांनी ती सुरुवातीला मागून पाहिली. उत्तर आलं की सुज्ञ कंपनीला यादी लागत नाही. यादी असती तर माणसं तिच्या कडेकडेने चालली असती. यादी नव्हती, त्यामुळे ती रस्त्याच्या मधोमध चालायलाही बिचकू लागली. वापरणाऱ्याने काहीही लिहिलं तरी जबाबदार कंपनी, आणि चूक झाली हे कळायचं ते दंडाची नोटीस आल्यावर. ‘ओसरी’ नावाची चौथी कंपनी होती, तिला तर दंडही झाला नाही. एका सकाळी दाराला कुलूपच दिसलं.

मग चावडीतली सगळी हुशार डोकी एकाच कामाला जुंपली गेली. शोध चांगला कसा लागेल, म्हातारीला अक्षरं मोठी कशी दिसतील, हे प्रश्न मागे पडले. मंडळाला उद्या काय खुपेल, एवढा एकच प्रश्न उरला. ज्या कंपनीचा अंदाज बरा ती जगली. इतर देशांतल्या कंपन्या काय काय करायला शिकत होत्या कोण जाणे. आपल्याकडच्या कंपन्या घाबरायला शिकल्या, आणि त्यात त्यांनी कमाल केली.

अंदाजाचं यंत्र तन्वीर मुजावरने बनवलं. तो मिरजेचा, मितभाषी, कामात वाघ. चावडीत मजकूर निवडायला बायका बसत. त्या विभागाला ‘पाखडणी’ म्हणत. यंत्राला संशय आलेला मजकूर त्यांच्यासमोर यायचा आणि त्या ‘सोडा’ किंवा ‘अडवा’ असं बटण दाबायच्या. त्यांचे निर्णय पाहून यंत्र शिकायचं आणि त्यांच्यासारखंच चुकायचं. तन्वीरच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. वाचताना आपली नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत नाही. ती उड्या मारत जाते: एका शब्दावर टेकते, पुढच्यावर झेप घेते. एखादा शब्द मनाला लागला की तिथे ती जरा जास्त टेकते, कधी एक पाऊल मागे येते, बाहुली किंचित मोठी होते. पापणी लवायच्या आत हे होऊन जातं, वाचणाऱ्याला पत्ताही नसतो. पडद्यावरच्या कॅमेऱ्याने तन्वीरने ही थबक मोजली आणि मंडळाच्या दंडांशी ताडून पाहिली. बायकांचं बटण चुकत होतं, थबक चुकत नव्हती. त्यांनी सोडलेल्या ज्या मजकुराला पुढे दंड झाला, त्यावर त्यांची नजर आधीच अडलेली होती.

त्या दिवसापासून बटणाला अर्थ उरला नाही. नजर अडली की मजकूर अडला. नुसता तेवढाच नव्हे, तर त्याच्यासारखा दिसणारा, त्याच विषयाचा, त्याच गावचा मजकूरही संशयित ठरू लागला. आणि सगळ्या बायकांमध्ये जिची थबक मंडळाच्या मनाशी सर्वांत जास्त जुळायची ती केतकी. तिला ‘प्रमाण नजर’ असं पद मिळालं. बाकीच्यांच्या नजरा तिच्याशी ताडून दुरुस्त होत. उरलेल्या दोन कंपन्याही तिची थबक भाड्याने घेत.

तन्वीरने हीच युक्ती उलट्या बाजूनेही वापरली. फोनवर वाचणारी माणसं कशावर थांबतात तेही मोजता येत होतं. त्यातून ‘गजबज नकाशा’ निघाला. ज्या गावातले लोक थांबून वाचतात तो भाग लाल, जिथे भराभर पुढे सरकतात तो फिकट. पूर, आग, साथ, काहीही असलं तरी लोकांची नजर आधी अडते, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांच्या आपत्ती कक्षांनी तो नकाशा घेतला. माणसं कुठे पाठवायची ते त्यावरून ठरू लागलं. गावाला धोक्याची सूचनाही त्यावरूनच फोनवर जायची.

आषाढात केतकीच्या बहिणीचा फोन आला.

योगिताताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर केतकीची वेणीफणी, शाळा, ताप, सगळं तिनेच काढलेलं. लग्न होऊन ती घाटमाथ्यावरच्या तोरणदरीत गेली आणि तिथे अंगणवाडी चालवू लागली. डोंगराच्या कुशीत चाळीसेक घरं, वर सरळ उतार. ताईने सांगितलं की उतारावर जमीन फाटलीय. आधी बोटभर होती, आता गुराचा पाय अडकेल एवढी भेग आहे. झऱ्याचं पाणी गढूळ येतंय, घरांची दारं चौकटीत अडकायला लागलीत, वरची झाडं कलली आहेत.

“मी रोज चावडीवर टाकते गं, फोटोसकट. पण कुनीच काही बोलंना. तालुक्याला गेले तर सायब म्हनला, तुमच्या गावची तक्रारच दिसत नाय. माजं लिहिलेलं जातंय तरी कुठं, केतके?”

केतकीने दुसऱ्या दिवशी पाहिलं. ताईचा एकही मजकूर बाहेर गेला नव्हता. ताईचाच काय, तोरणदरीतून कुणाचाच गेला नव्हता. शेळी हरवल्याचा नाही, बारशाचा नाही. गेले कित्येक महिने ते गाव चावडीवर बोलत होतं आणि ते कुणालाही ऐकू येत नव्हतं.

तिने तन्वीरला गाठलं. त्याने बराच वेळ उकरून पाहिलं आणि मग खुर्ची तिच्याकडे न वळवताच सांगितलं.

“केतकीताई, हे तुमच्यामुळे झालंय.”

ताईचा मजकूर तिच्यासमोर अधूनमधून यायचा. अंगणवाडीतल्या पोरांचा फोटो, दारातल्या तेरड्याचा, ‘आज लापशी केली, केतकीला फार आवडते’ असं काहीबाही. त्यावर तिची नजर थांबायची. कुणाचीही थांबली असती. यंत्राला बाहुली मोठी झालेली दिसायची. भीतीने झाली की मायेने, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. प्रमाण नजर पुन्हा पुन्हा तोरणदरीवर अडते म्हणजे तोरणदरीत काहीतरी भयंकर आहे, असा धडा त्याने गिरवला आणि तिन्ही कंपन्यांना शिकवला. बहिणीवरच्या मायेनेच केतकीने बहिणीचं तोंड बंद केलं होतं.

ती तशीच मोहोळकरांकडे गेली. फक्त एक गाव हाताने मोकळं करा, एवढंच तिचं मागणं होतं. मोहोळकरांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, भेगांबद्दल दोन प्रश्नही विचारले. माणूस वाईट नव्हता. खिडकीतून दिसणाऱ्या ओसरीच्या ओस इमारतीकडे पाहत ते म्हणाले,

“यंत्राने सोडलं तर ती चूक असते, केतकी. हाताने सोडलं तर तो हेतू होतो. चुकीला दंड असतो, हेतूला कुलूप. इथे सहा हजार माणसं पोट भरतात.”

तिने त्या जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला फोन लावला. पलीकडचे देशमाने नावाचे अधिकारी अदबीने बोलत होते. त्यांनी नकाशा उघडून पाहिला आणि सांगितलं की तोरणदरी एकदम शांत दिसतेय. आजूबाजूची चार गावं लाल आहेत, माणसं तिकडेच गुंतली आहेत. एका फोनवर पथक हलवता येत नाही, नकाशात दिसायला हवं. तुम्ही चावडीतल्याच ना, मग तुम्हाला काय सांगायचं, असंही ते सौम्यपणे म्हणाले.

निघून या, असं तिने ताईलाही सांगून पाहिलं. ताई म्हणाली, तू म्हणतेस म्हणून मी येईन, पण अंगणवाडीतली पोरं कुणाच्या भरवशावर सोडू? आणि गाव तर हलायलाच तयार नव्हतं. शेजारच्या गावांना फोनवर सूचना आली, ती माणसं गुरंढोरं घेऊन खाली उतरली. आपल्याला आली नाही म्हणजे आपला डोंगर पक्का, असं तोरणदरीतले जुनेजाणते सांगत होते.

आता एकच वाट उरली होती, आणि ती तन्वीरनेच दाखवली. यंत्राने जे तिच्याकडून शिकलं ते तिनेच विसरायला लावायचं. तोरणदरीचा मजकूर तो मुद्दाम तिच्यासमोर आणेल. तिने तो न थबकता वाचायचा. साबणाची जाहिरात वाचावी तसा. पुरेशा वेळा नजर सरळ गेली की गाव मोकळं होईल. हात कुणाचाच लागणार नाही.

ऐकायला सोपं होतं. पहिल्या दिवशी ताईचं नाव दिसताच नजर गचकन थांबली. दुसऱ्या दिवशी ती ‘भेग’ या शब्दावर अडली. मग केतकीने घरी सराव सुरू केला. ताईचे जुने निरोप काढून ती ते एका लयीत वाचायची, आणि हेमंत समोर बसून तिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचा. अर्थ मनात शिरू द्यायचा नाही, अक्षरांच्या फक्त आकृत्या बघायच्या, काना, मात्रा, वेलांटी, पुढे. तांदूळ निवडताना हात नुसता फिरतो तशी नजर फिरली पाहिजे. आई गेली त्या दिवसाबद्दल ताईने कधीतरी लिहिलेला मोठा निरोप होता. तो ती शेवटी एका दमात वाचून गेली. हेमंत म्हणाला, जमलं. पण त्याचा चेहरा उतरला होता. त्याने नंतर तिला विचारलं की त्यात काय लिहिलं होतं, आणि तिला सांगता आलं नाही.

आठवडाभरात तोरणदरी मोकळी झाली. ताईचा फोन आला तो आनंदाचाच. माजं लिहिलेलं आता नणंदेला नगरला दिसतंय, म्हणाली. केतकी त्या रात्री पोटभर जेवली.

पण नकाशा फिकटच राहिला. तन्वीरने शोध घेतला आणि या वेळी त्याने खुर्ची वळवली. ज्यावर प्रमाण नजर जराही थांबत नाही, ते यंत्राच्या लेखी निरुपद्रवी होतं. आणि निरुपद्रवी म्हणजे किरकोळ. ताईचे भेगांचे फोटो म्हशींच्या आणि गाद्यांच्या जाहिरातींखाली जात होते. लोक, अगदी गावातलेही, ते अंगठ्याने वर सारून पुढे जात होते. कुणीच थांबत नव्हतं, म्हणून नकाशा लाल होत नव्हता. केतकी थबकली तर मजकूर अडायचा, न थबकली तर वाहून जायचा. मधली वाट तन्वीरने यंत्रात ठेवलीच नव्हती, कारण ती कुणी मागितली नव्हती.

शनिवारी गाडी घेऊन जायचं, आणि ताईला, अंगणवाडीतल्या पोरांना, येतील त्या सगळ्यांना उचलून आणायचं, असं तिने आणि हेमंतने ठरवलं. तिला शुक्रवारीच निघायचं होतं. प्रमाण नजर अचानक रजेवर गेली तर मंडळाला कळवावं लागतं, एक दिवस कळ काढ, असं मोहोळकर म्हणाले. तिने कळ काढली.

शुक्रवारी घाटमाथ्यावर पावसाने झोडपून काढलं. नाशकात नुसती भुरभुर होती. केतकी पडद्यासमोर बसली आणि मजकूर येत राहिला, जात राहिला. तिला हल्ली काम हलकं वाटायचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी मोहोळकर स्वतः पाखडणीत आले, मागे तन्वीर. त्यांनी तिला सकाळपासूनचा आलेख दाखवला. एरवी त्यावर डोंगररांगेसारखी शिखरं असायची. आज एक सरळ रेघ होती, कुठेही उंचवटा नाही. मंडळाला खुपेल असं आज काहीच नाही, इतकं स्वच्छ वाचन कंपनीत कुणी केलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी तिचं कौतुक केलं.

केतकीला क्षणभर बरंच वाटलं. मग तिने विचारलं, सकाळपासून तोरणदरीचं काही आलं होतं का?

तन्वीरने पाहिलं. आलं होतं. अकरा निरोप, सगळे ताईचे, सगळे तिच्याच नजरेखालून गेलेले. तिला एकही आठवत नव्हता. त्याने शेवटचा उघडून तिच्यासमोर धरला. ती तो वाचून गेली. नजर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सरळ गेली आणि बाहेर पडली. अक्षरं दिसली, आत काहीच पोचलं नाही. तिने पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. तेव्हा ती भ्यायली. असं भय तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पाखडणीत मोठ्याने बोलायची पद्धत नाही. शेजारणीच्या शब्दाने नजर बिघडते. केतकीने पडद्यावर बोट ठेवलं आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत ती मोठ्याने वाचू लागली.

“केतके, फोन लागंना. रस्ता खचला. सगळ्यांना घेऊन शाळेत आलेय. मागची भिंत सरकतेय. पोरं रडतायत. कुनाला तरी पाठव गं. तू वाचतेयस ना?”

ती थांबली तेव्हा सगळ्या पाखडणीने मान वर केली होती. शंभरावर बायका हातातला मजकूर तसाच ठेवून तिच्याकडे बघत होत्या; कुणी तोंडावर पदर धरला होता, कुणाचे डोळे भरले होते. आणि प्रत्येकीच्या पडद्यावरचा कॅमेरा आपलं काम करत होता. तन्वीर धावत आपल्या जागेवर गेला. एकाच क्षणी सगळ्या नजरा अडल्या होत्या, म्हणून समोर असलेलं सगळं यंत्राने अडवलं, त्याच्यासारखं जे जे होतं तेही अडवलं, आणि तिन्ही कंपन्यांमध्ये एकापाठोपाठ सगळं थिजत गेलं. देशभरात लोक हातातल्या कोऱ्या पडद्याकडे टक लावून बघत बसले. ती थबकही मोजली गेली. गजबज नकाशा एका टोकाकडून लाल होत दुसऱ्या टोकाला पोचला.

मोहोळकर मंडळाचा नंबर लावत होते. केतकी ताईला फोन लावत होती, तो लागत नव्हता. तिने तो सोडून आपत्ती कक्षाला लावला आणि देशमान्यांना गावाचं नाव सांगितलं, शाळा सांगितली, भिंत सांगितली. ते गोंधळून गेले होते, पण आवाजातली अदब सुटली नव्हती.

“मॅडम, इथे सगळा जिल्हा लाल झालाय, पथकं कुठे पाठवू तेच कळेना. तुमची तोरणदरी तेवढी शांत आहे. तिथे कुणी काहीच वाचत नाहीये.”

तन्वीरच्या पडद्यावर नकाशा उघडा होता. रक्तासारख्या लाल डोंगररांगेत एक फिकट ठिपका होता, नखाएवढा. केतकीची नजर त्याच्यावर गेली आणि तिथून हलेना.